969 वर्षांचा माणूस आणि न सापडलेली वंशावळ

आजचा भाग एका आकड्यापासून सुरू करू. 969.

हिब्रू धर्मग्रंथात, म्हणजे ज्यू लोकांच्या तोराहमध्ये आणि ख्रिस्ती बायबलच्याही सुरुवातीला, ‘उत्पत्ती’ नावाचं पुस्तक आहे. त्यात मथुशलह नावाचा एक माणूस येतो. तो 969 वर्षं जगला, असं तिथे लिहिलंय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. एक म्हणाला, पूर्वी हवा-पाणी शुद्ध होतं, जगत असतील. दुसरा म्हणाला, सगळ्या थापा. मी हसण्याचा इमोजी टाकून मोकळा झालो. नंतर वाटलं, आपण तो अध्याय वाचलाय तरी का? नव्हता वाचला. मग वाचला, आणि सवयीप्रमाणे सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले.

उत्पत्तीचा पाचवा अध्याय म्हणजे अक्षरशः एक टेबल आहे. आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या. प्रत्येकाची माहिती ठरलेल्या साच्यात: कितव्या वर्षी मुलगा झाला, त्यानंतर किती वर्षं जगला, एकूण किती. आदामाला 130 व्या वर्षी शेथ झाला, पुढे तो 800 वर्षं जगला, एकूण 930. असं खाली खाली येत जायचं. आता नोहाच्या 600 व्या वर्षी महापूर आला, असं सातवा अध्याय सांगतो. म्हणजे मुलं होतानाची वयं जोडत गेलो की पुराचं साल मिळतं: आदामापासून 1656. मथुशलहचा जन्म 687 साली. त्यात 969 मिळवा. उत्तर 1656! म्हणजे बरोबर पुराच्या वर्षी तो मरतो. ग्रंथात हे कुठेही सांगितलेलं नाही, बेरीज केली तरच कळतं.

इथे मी सरसावून बसलो. आकडे कुणीतरी विचार करून बसवलेत, हे उघड दिसत होतं.

पुढची गंमत अशी की हे आकडे एकाच प्रकारचे नाहीत. वर सांगितले ते प्रचलित हिब्रू प्रतीतले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोराहचं ग्रीक भाषांतर झालं. त्यात बऱ्याच जणांना मुलगा शंभर वर्षं उशिरा होतो, आदामाला 230 व्या वर्षी, आणि पूर थेट 2242 साली जातो. तिसरी प्रत शोमरोनी लोकांची. हा छोटा समाज आजही नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगराच्या परिसरात राहतो. त्यांच्या तोराहत पूर 1307 साली येतो, आणि यारेद, मथुशलह, लामेख असे तिघं त्याच वर्षी मरतात.

ग्रीक प्रतीत मात्र एक बग राहिलाय. तिथल्या आकड्यांप्रमाणे मथुशलह 2256 साली मरायला हवा. म्हणजे पुरानंतर 14 वर्षं तो जिवंत! पण पुरातून तर फक्त नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना वाचल्या. मग हा माणूस पोहत होता का? हा घोळ पाचव्या शतकात संत ऑगस्टीनलाही ठाऊक होता, त्याने त्यावर लिहिलंय. काही ग्रीक प्रतींत मथुशलहचं बाप होतानाचं वय 167 ऐवजी 187 आहे. तेवढ्या बदलाने पूर 2262 वर जातो आणि मथुशलह सहा वर्षं आधीच निरोप घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, कुणीतरी पॅच मारला.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे, तेव्हा ‘वर्ष’ म्हणजे महिना असेल. मलाही हे सुचलं होतं. 969 महिने म्हणजे साधारण 78 वर्षं, छान बसतं. पण मग हनोख आणि महललेल 65 व्या ‘महिन्यात’ बाप झाले. म्हणजे सव्वापाच वर्षांचे असताना. शिवाय पुराच्या गोष्टीत त्याच नोहाच्या 600 व्या वर्षातला दुसरा महिना, सातवा महिना, दहावा महिना असा उल्लेख येतो. लिहिणाऱ्याला वर्ष आणि महिना यातला फरक नीट कळत होता. हा पर्याय बाद.

मग मी शेवटचे अंक तपासले. आदामापासून लामेखपर्यंत नऊ जण, प्रत्येकाचे तीन आकडे, एकूण 27. त्यातले 26 आकडे 0, 2, 5 किंवा 7 ने संपतात. अपवाद एकच: आपला 969. एकूण वय ही नुसती बेरीज असते, म्हणून ती बाजूला ठेवली, तर उरलेले 18 च्या 18 याच चार अंकांत आहेत. शेवटचा अंक आपोआप, कसाही पडत असता तर असं घडण्याची शक्यता साधारण दीड कोटीत एक. वय पाचाच्या पटीत सांगायची सवय माणसाला असतेच. जनगणनेतही लोक 39 नाही, 40 सांगतात. पण 2 आणि 7 ची एवढी गर्दी त्या सवयीने होत नाही. हे रेकॉर्ड नाही, रचना आहे.

अशी रचना करणारे हे पहिलेच नव्हते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये मातीचा एक चौकोनी स्तंभ आहे, साधारण इ.स.पू. 1800 चा. त्यावर सुमेरी राजांची यादी कोरलीय. पुराआधी पाच नगरांत आठ राजे, मिळून 2,41,200 वर्षं राज्य. पहिला राजा अलुलिम एकटाच 28,800 वर्षं. मेसोपोटेमियात गणित 60 वर चालायचं, आणि या आठही राजवटी 600 च्या पटीत आहेत. मग पूर येतो, आणि त्यानंतरच्या राजवटी लहान होत जातात. उत्पत्तीतही पुरानंतर तसंच होतं: शेम 600, पेलेग 239, अब्राहाम 175, योसेफ 110. हे 110 सुद्धा सहज आलेलं नाही. प्राचीन इजिप्तमध्ये आदर्श आयुष्य 110 वर्षांचं मानत, आणि योसेफ इजिप्तमध्येच मरतो.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. अब्राहाम 175 म्हणजे 7 गुणिले 5 चा वर्ग. इसहाक 180 म्हणजे 5 गुणिले 6 चा वर्ग. याकोब 147 म्हणजे 3 गुणिले 7 चा वर्ग. हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पण सारा 127 आणि इश्माएल 137 त्या सूत्रात बसत नाहीत. पॅटर्न शोधणाऱ्याला पॅटर्न सापडतोच, हे डेटावर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

बरं, पण एवढी मेहनत करून वंशावळी लिहायच्या कशाला? उत्तर त्याच ग्रंथसंग्रहात आहे, एज्राच्या पुस्तकात. बाबिलोनच्या सैन्याने इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेम पाडलं, लोकांना हद्दपार केलं. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबिलोन जिंकलं आणि मग परतीची वाट मोकळी झाली. परतणाऱ्यांच्या यादीत काही याजक घराणी होती. त्यांनी आपली वंशावळ शोधली, पण सापडली नाही. झालं, त्यांना याजकपणातून वगळलं. कागद नाही, तर हक्क नाही. घर, मंदिर, राजा, सगळं गेलेल्या लोकांसाठी ‘आम्ही कोण’ याचा पुरावा एवढाच उरला होता. बहुतेक अभ्यासक पाचव्या अध्यायाची ही आकडेवारी याजक परंपरेच्या लेखकांची मानतात, आणि त्या परंपरेचं लेखन हद्दपारीच्या आसपासच्या काळातलं धरतात. ते वाचल्यावर तो अध्याय मला कंटाळवाणा वाटेना.

आणि याच याद्यांत पिढ्या गाळल्याही जातात. खुद्द एज्राची वंशावळ इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या यादीशी ताडून पाहिली, तर मधली सहा नावं गायब आहेत. ‘अमक्याचा मुलगा’ याचा अर्थ ‘अमक्याच्या कुळातला’ असाही होतो. म्हणून नुसती वयं जोडून जगाचं वय काढणं धोक्याचं. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये तसं करून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. 4004 मध्ये नेला. ज्यू कालगणना तोच आरंभ इ.स.पू. 3761 मध्ये धरते. हिब्रू आकडे तेच, उत्तरं दोन.

आता शेवटचा धागा, आणि तो थेट आपल्या कोकणात येतो. बेने इस्रायल समाज. मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. यातले बरेच जण 1948 नंतर इस्रायलला गेले. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं: लग्न करायचं असेल तर यांची आधीच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. शतकानुशतकं शब्बाथ पाळलेल्या लोकांना विचारलं गेलं, तुमची वंशावळ कुठाय? त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं. शेवटी 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. एज्राच्या यादीतली ती घराणी आणि ही माणसं यांच्यात अडीच हजार वर्षं आहेत. प्रश्न तोच.

म्हणून ‘969 खरं की खोटं’ या वादात मी आता पडत नाही. आमच्या ग्रुपवरचे दोघंही त्या आकड्याला जन्माचा दाखला समजत होते, आणि त्यांच्यासोबत मीही. तो दाखला नाही. आपण कुठून आलो आणि आपली जागा कुठली, हे सगळं गमावलेल्या लोकांनी त्यांच्या काळच्या भाषेत मांडलंय, आणि त्या भाषेत आकडेही येतात.

जाता जाता एक. त्या अध्यायात आकडे इतके मोठे आहेत की शेवटची नोंद नजरेतून सुटते. हनोखला देवाने नेलं, आणि नोहाचा शेवट पुढे येतो. ते दोघं सोडले तर बाकी आठही जणांची माहिती मरणावरच संपते. हजारी कुणीच गाठत नाही, 969 वालाही नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला पणजोबांचं नाव विचारून ठेवा. आणि लिहूनही ठेवा.