अबेओकुटाच्या रंगारणी

ग्रामीण आफ्रिकी स्त्रीला चार पैसे मिळावेत म्हणून तिला एखादे कौशल्य शिकवावे, ही कल्पना इतकी भली वाटते की तिच्या बुडाशी असलेले गृहीतक सहसा कुणी तपासत नाही. गृहीतक असे, की तिच्या हाती हुन्नर नाही म्हणून तिच्या हाती पैसा नाही. शिवणयंत्र द्या, साबण करायला शिकवा, विणकाम शिकवा, की मिळकत सुरू होईल. नैर्ऋत्य नायजेरियातल्या अबेओकुटा या योरुबा शहराचा विसाव्या शतकातला इतिहास या गृहीतकाच्या नेमका उलट बोलतो. तिथल्या स्त्रियांकडे हुन्नर होता, तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवण्याची चोख व्यवस्था होती, गिऱ्हाईक होते आणि नवे काही करून पाहण्याची हिंमतही होती. तरी त्यांची मिळकत वारंवार बुडाली, ती कापडाची उधारी, परदेशी रंग, राजाचा हुकूम आणि कर या चार गोष्टींमुळे. यांतली एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती.

1830 च्या सुमारास यादवीतून जीव वाचवून आलेल्या एग्बा लोकांनी ओलुमो खडकाच्या आश्रयाने अबेओकुटा वसवले. तिथे मूळ धरलेला आदिरे हा धंदा आपल्या बांधणीच्या नात्यातला आहे. एका प्रकारात कापडाला राफिया ताडाच्या धाग्यांनी गाठी मारून ते निळीत बुडवतात. दुसऱ्या प्रकारात खळीने नक्षी काढतात. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्याच कसाव्याच्या पिठाची ही खळ. कोंबडीच्या पिसाने किंवा बारीक काडीने ती कापडावर रेखाटायची, वाळू द्यायची आणि मग रंगवायचे. खळीखालची जागा फिकी राहते. रंग ज्या झाडाच्या पाल्यापासून होतो त्याला योरुबात एलु म्हणतात. कोवळा पाला उखळात कुटून त्याचे गोळे वाळवायचे. लाकडाची राख बुडाशी भोके असलेल्या माठात भरून, वरून पाणी ओतून, खाली झिरपणारे खारे पाणी धरायचे. त्या पाण्यात गोळे कित्येक दिवस आंबवायचे, आणि रंग तयार झाला की कापड पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायचे. राखेच्या पाण्याचा जोर आणि आंबण्याची वेळ वासावरून, चवीवरून, फेसावरून ओळखावी लागे. लेक हे आईजवळ शिके, नात आजीजवळ. घरात धंदा नसेल तर मुलगी एखाद्या जाणत्या बाईकडे उमेदवारी करी. या धंद्याचे व्यापारी डोके पाहायचे असेल तर 1935 ची गोष्ट पाहावी. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली, त्याचा समारंभ साम्राज्यभर झाला, आणि राजाराणीची चित्रे आदिरेवर उमटली. बाजाराचा वारा ओळखायला या बायकांना कुणी वर्ग घेतला नव्हता.

मात्र ज्या कापडावर ही नक्षी उठे ते अबेओकुटाचे नव्हते. पांढरे कापड मँचेस्टरहून येई, ते युरोपीय पेढ्या आणत आणि रंगारणींना बहुधा उधारीवर देत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला धंदा भरात होता. सेनेगलपर्यंतचे व्यापारी माल न्यायला येत, आणि ही उधारी कुणाला जाचत नव्हती. पुढे मंदी आली, गिऱ्हाईक आटले आणि कर्ज अंगावर राहिले. खर्च कमी करणे भाग पडले तेव्हा राखेच्या जागी कॉस्टिक सोडा आला, एलुच्या गोळ्यांच्या जागी कृत्रिम नीळ आली. जर्मनीतून 1897 पासून बाजारात उतरलेल्या याच कृत्रिम निळीने बिहारमधली निळीची शेती मोडीत काढली होती. अबेओकुटात तिने वेगळे काम केले. आठवड्याचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले, नवख्यांना धंद्यात शिरणे सोपे झाले, माल वाढला आणि भाव उतरला. नक्षी उठवण्यासाठी पत्र्याचे छापे आले. ते कापणे आणि त्यांतून खळ ओढणे पुरुषांच्या हाती गेले. रंग विटतो, कापड विरते, अशा तक्रारी वाढल्या. तेव्हा तिथला अलाके, म्हणजे राजा, दुसरा अडेमोला याने कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम नीळ दोन्हींवर बंदी घातली. 1936 मध्ये रंगारणींनी त्याला उघड आव्हान दिले. अर्ज झाले, प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले आणि शेवटी बंदी उठली.

इथे कुणी म्हणेल, राजाचे काय चुकले? माल खराब होत होता, धंद्याचे नाव जात होते, कुणीतरी लगाम घालायलाच हवा होता. या आक्षेपात तथ्य आहे. सोड्याचे प्रमाण चुकले की सूत खरोखरच कुजते, आणि फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. पण बंदीचा भार कुणावर पडला हे पाहिले पाहिजे. जी बाई उधारीच्या कापडावर, पडत्या भावात, रोजच्या खर्चापुरते कमवत होती, तिला जुन्या रीतीकडे परत जा म्हणणे म्हणजे कितीतरी जास्त वेळ घे आणि तेवढेच पैसे मिळव म्हणणे होते. उधारीच्या अटींना हात लागला नाही. हातभार लावायचाच होता तर सोड्याचे योग्य प्रमाण दाखवता आले असते, आणि ते प्रशिक्षण खरोखर कामाचे ठरले असते. त्या काळच्या सत्तेला रंगारणीचे चुकलेले काम दिसले, ती ज्या कोंडीत सापडली होती ती दिसली नाही. पुढच्या अनेक योजनांमध्ये हीच नजर दिसते, म्हणून हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो.

चौथी गोष्ट कराची. 1918 मध्ये ब्रिटिशांनी अबेओकुटात थेट कर बसवला आणि त्यात स्त्रियांवर पुरुषांपासून वेगळा कर लावला. त्याच वर्षी बंड झाले, ते मोडले गेले आणि कर राहिला. मिळकतीचा थेंब पडताच त्यातला वाटा उचलणारा हा कर सुमारे तीन दशके चालला. याच काळात फुन्मिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेने गावातल्या शिकलेल्या, ख्रिस्ती, सुस्थितीतल्या बायकांचा एक क्लब चालवला होता. शिवणकाम, पाककला, चालीरीती असे त्याचे सुरुवातीचे स्वरूप होते. आजच्या कौशल्य वर्गांचे मूळ ज्या घरगुती शिक्षणात आहे, त्याच जातीचे. 1944 च्या सुमारास बाजारातल्या बायका तिथे वाचायला शिकण्यासाठी येऊ लागल्या आणि क्लबचे स्वरूपच पालटले. तांदूळ विकणाऱ्या बायकांचा माल युद्धकाळात सरकारी नियंत्रणाच्या नावाखाली जप्त होत होता. ती तक्रार वर्गात आली, तिथून अर्जात गेली, आणि जप्ती थांबली. 1946 मध्ये क्लबची अबेओकुटा स्त्री संघटना झाली. 1947 मध्ये हजारो बायका राजवाड्यासमोर बसल्या, 1948 मध्ये स्त्रियांवरचा कर थांबला, आणि 1949 च्या जानेवारीत अलाकेला गादी सोडून गाव सोडावे लागले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो परत आला हे खरे, पण बाजारातल्या बाईच्या पिशवीतला जो पैसा वाचला तो वाचलाच. शिवण शिकवून जे झाले नसते ते अक्षर शिकवून झाले, कारण त्या वर्गात कुणी कशाने नाडले आहे ते बोलायला जागा होती.

अबेओकुटा हे शहर, खेड्यातल्या बाईशी त्याचा काय संबंध, असाही प्रश्न येईल. पण एग्बा माणसाचे घर गावात आणि शेत खेड्यात, अशी तिथली रीत होती. एलुचा पाला, कसावा, राफिया, राखेची लाकडे हे सगळे आसपासच्या रानांतून आणि शेतांतून येई. कृत्रिम निळीने ज्यांचे पहिल्यांदा नुकसान झाले त्या या पाला गोळा करणाऱ्या, गोळे विकणाऱ्या बायका. त्यांच्या नावाने कुणी चौकशी नेमली नाही. याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. आईकडून लेकीकडे जाणारा हुन्नर ज्या मुलीच्या आईकडे नाही तिने काय करायचे? उमेदवारीला पैसे पडतात, वर्षे जातात, फुकट राबावे लागते. बाहेरचा वर्ग हे दार सर्वांना उघडतो. हे मला पूर्ण मान्य आहे. परंपरा ही न्याय्य असतेच असे नाही. म्हणूनच 1983 मध्ये निके डेव्हिस-ओकुंडाये या कलावतीने ओशोग्बोत केंद्र काढून आदिरे आणि इतर कला फुकट शिकवायला घेतल्या, त्याचे मोल मोठे आहे. घराण्यात वाहणारा हुन्नर तिने घराण्याबाहेरच्यांना दिला. आणि ती स्वतः आपली चित्रे नि कापडे जगाच्या बाजारात विकत असल्याने, विक्री कुठे नि कशी होते हे तिच्या शिष्यांना समोर दिसत होते.

सरकारी योजनांत नेमके हेच दिसत नव्हते. अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी 1970 मध्येच दाखवून दिले होते की आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती बायका करतात, आणि तरी नवी अवजारे नि नवे ज्ञान मात्र पुरुषांना दिले गेले. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर बायकांसाठी योजना निघाल्या, पण संशोधक मायरा बुविनिच यांनी 1986 मध्ये नोंदवले की मिळकतीसाठी सुरू झालेल्या योजना चालता चालता कल्याणकारी उपक्रम बनतात, आणि शिवण-विणकाम शिकवून थांबतात. 1987 मध्ये नायजेरियात ग्रामीण स्त्रियांसाठी मोठा गाजावाजा करून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मरियम बाबांगिडा त्याच्या प्रमुख होत्या. कार्यक्रमाचे नशीब सत्ताधाऱ्यांच्या मर्जीशी बांधलेले राहिले.

मग प्रशिक्षण कुचकामी म्हणायचे का? नाही, आणि पुरावाही तसे म्हणू देत नाही. उत्तर युगांडात युद्धाने उद्‌ध्वस्त झालेल्या खेड्यांत अत्यंत गरीब लोकांना, त्यांत बहुतांश स्त्रिया, पाच दिवसांचे धंद्याचे शिक्षण, सुमारे 150 डॉलर रोख आणि नंतर काही भेटी दिल्या गेल्या. मिळकत जवळजवळ दुप्पट झाली. शिक्षण पाचच दिवसांचे होते, पण सोबत कुणाच्या उधारीवर अवलंबून नसलेले भांडवल होते. उलट मलावीत तरुणांना कारागिरांकडे उमेदवारीला धाडले, तेव्हा मुलींना त्या काळात स्वतःची शिल्लक मोडावी लागली, घरच्या जबाबदाऱ्यांनी त्यांना उमेदवारी सोडायला लावले, आणि मिळकतीत दिसण्याजोगा फरक पडला नाही. पहिल्या ठिकाणी बाईला पैसा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी बाईने पैसा घातला.

अबेओकुटाच्या इतोकु बाजारात आदिरे आजही विकले जाते. निळीपेक्षा तयार रासायनिक रंगांचे भडक प्रकारच तिथे जास्त दिसतात, आणि त्यांना आता चीनहून येणाऱ्या छापील नकलांची स्पर्धा आहे. या नकला हाताच्या कामाच्या कितीतरी पट वेगाने निघतात आणि स्वस्त विकल्या जातात. उद्या कुणी तिथे आणखी हजार मुलींना खळ ओढायला शिकवले तर याच भावाशी झुंजणारे हजार हात वाढतील. त्या मुलींना कापड किती दराने आणि कुणाकडून मिळते, आयातीच्या दारावर नकलांना कोण अडवते, आणि हातकामाची खूण गिऱ्हाइकाला कशी कळते, हे प्रश्न वर्गाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर यायला हवेत. 1936 च्या रंगारणी शिकवण्यातून नव्हे तर नुकसानीतून या प्रश्नांपाशी पोचल्या होत्या.