उचलून नेण्याचा धंदा

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीरचा किल्ला दिसायला लागतो. आमचं गाव तांब्यापितळेचं. हंडे, घागरी, बंब, घंघाळं घडवली तांबटांनी, पण ती गावोगाव पोचवली मुंबई-आग्रा रस्त्याने. या रस्त्यावरून माल कसा जायचा हे आमच्याकडे कुणीही सांगेल. मला मात्र गेली काही वर्षं वेगळंच कुतूहल आहे. ज्याचे गुडघे गेले, कंबर वाकली, असा माणूस या रस्त्यावरून लांब कसा जायचा?

खरं उत्तर असं की बहुतेक जायचाच नाही. फार तर दमणीत गवताची गादी घालून त्याला लेकीच्या गावापर्यंत नेत. काशीला जाणारा म्हातारा घरादाराचा निरोप घेऊनच निघे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. परतताना ते गंगेची कावड घेऊन आले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं, हे मात्र पटकन आठवत नाही. आईबापांना गंगेपर्यंत नेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा मुलाने गंगाच घरी आणली. काशीचे ते तांब्याचे बंद गडू हा म्हाताऱ्यांच्या न झालेल्या प्रवासांचा हिशेब आहे, असं मला तांबटाचा मुलगा म्हणून वाटतं.

उचलून नेण्याची सोय होती, पण ती मानाच्या माणसाला. एकोणिसाव्या शतकात साहेबलोक लांबचा प्रवास डाकपालखीने करत. एका टप्प्याला साधारण आठ भोई, चौघे खांद्याला आणि चौघे बदलीला, रात्री पुढे मशालजी. दहा-बारा मैलांवर दुसरी तुकडी तयार. मागच्या भोयाला पालखीमुळे पुढचं काही दिसत नसे, म्हणून पुढचा ओरडून सांगे: खड्डा आला, पाणी आलं, दगड आहे. त्या आवाजावर मागचा पाऊल टाकी. आत बसलेला धडधाकट असला तरी चालत नसे, कारण चालणं हे कमीपणाचं. पालखी, मेणा, अंबारी, सगळीकडे हाच न्याय. ज्याला खरोखर चालता येत नव्हतं, त्या गरीब म्हातारीला डोली मिळायची ती देवाच्या डोंगरावर. आम्ही खानदेशी लोक चैत्रात सप्तशृंगीला पायी जातो. गडावर जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी डोलीवाले असत. 2018 मध्ये तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांचा प्रश्न काही मिनिटांचा झाला.

मग आगगाडी आली. 1900 च्या सुमाराला चाळीसगाव-धुळे फाटा झाला आणि तापी खोऱ्यातल्या मार्गामुळे नरडाणा हे जवळचं स्टेशन आम्हाला मिळालं. भोयाची जागा हमालाने घेतली. डोक्यावर ट्रंक आणि काखेत म्हातारी, अशी कसरत त्याने वर्षानुवर्षं केली. त्याच्या दंडावरचा पितळी बिल्ला आमच्या घरच्यांना फार आवडायचा. पत्रा जाड आहे की पातळ, यावर वडील फलाटावरच मत देत.

समुद्र खानदेशापासून लांब. पण सागरी प्रवासात म्हाताऱ्यांचे सगळ्यात जास्त हाल आणि सगळ्यात जास्त जुगाड दिसतात. कोकणच्या बोटीचंच घ्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णैसारख्या बंदरात किनाऱ्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात उभी राही. तिथून पडाव. पडावापासून वाळूपर्यंत पुन्हा गुडघाभर, कधी कंबरभर पाणी. ते अंतर म्हातारी माणसं खलाशाच्या पाठीवरून किंवा खांद्यावरून पार करत. लुगडं भिजू नये म्हणून आवरायचं, एका हातात बोचकं, आणि परक्या पुरुषाच्या गळ्याला मिठी. सोवळ्यातल्या बायकांनी हे कसं सोसलं असेल! पण सोसलं. जन्मभर पाळलेली शिवाशिव त्या कंबरभर पाण्यात गुंडाळून ठेवावी लागे.

गोऱ्या बायकांसाठी वेगळा थाट होता. शिडाच्या जहाजांच्या काळात खुर्चीला दोर बांधून, डोलकाठीच्या आडव्या वाशावरच्या कप्पीने त्यांना होडीतून वर खेचत. खुर्ची हवेत गरगर फिरू नये म्हणून खालून एकजण दोरी धरून ठेवी. बसणारीला लाज वाटत असेलच, पण निदान सगळ्या बायका तशाच वर जात. वयाचा प्रश्न नव्हता.

आमच्या भागातून समुद्र ओलांडलेली पहिली म्हातारी माणसं बहुधा हाजी. हिंदूंना समुद्रपर्यटनाची बंदी, मुसलमानांना मात्र मक्केची ओढ. धुळे-मालेगावकडचे लोक जन्मभर पै पै साठवून उतारवयात मुंबईला जात, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत आणि बोटीची वाट पाहत. म्हणजे चालणं जमत नाही अशा वयातच सगळ्यात लांबचा प्रवास. यात्रेकरूंचे हाल इतके गाजले की सरकारने 1886 मध्ये थॉमस कुक कंपनीला हजच्या वाहतुकीचं काम दिलं. ते काही वर्षंच टिकलं. पुढे मोगल लाइनच्या बोटींनी पिढ्यान्‌पिढ्या माणसं जेद्दाला नेली आणि 1995 मध्ये बोटीचा हज बंद पडला. आमच्या शेजारचे एक चाचा आपल्या वडिलांची गोष्ट सांगत. वडिलांना दोघा हमालांनी हाताची चौकट करून शिडीवरून वर नेलं. वर पोचल्यावर ते पैसे द्यायला लागले, तर हमाल म्हणाले, आमच्यासाठी दुआ मागा. आणि पैसेही घेतले. चाचा हे दुसरं वाक्य कधी गाळत नसत, म्हणून माझा त्या गोष्टीवर विश्वास आहे.

आज विमानतळावर नि धक्क्यावर दिसते ती घडीची चाकाची खुर्ची अमेरिकेतली. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीतला इंजिनिअर 1918 मध्ये अपघातात पाठ मोडून बसला. त्याला मोटारीत मावेल अशी खुर्ची हवी होती. हॅरी जेनिंग्ज या मित्राबरोबर त्याने ती 1930च्या दशकात घडवली. खाली फुलीसारखे दोन दांडे, मध्ये कापडी बैठक, ओढली की मिटते. धातूचं काम म्हणून बघितलं तरी चोख आहे. उचलणारी चार माणसं तिने एकावर आणली.

माझ्या आत्याला मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं ठरलं, तेव्हा हा सगळा इतिहास माझ्या कामी आला नाही. कामी आला तो फॉर्म. बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. ते विचारतात, खुर्ची फक्त चढता-उतरताना हवी की पूर्ण वेळ? पूर्ण वेळ हवी असेल तर बहुतेक कंपन्या स्वतःची आणायला सांगतात. दार रुंद आणि न्हाणीघराला उंबरा नाही अशा खोल्या थोड्याच असतात, त्या आधी संपतात. जहाज लांब नांगरून छोट्या होडीने किनाऱ्यावर नेणार असेल, जसं लक्षद्वीपला होतं, तर खुर्चीवाल्याला बहुधा जहाजावरच थांबावं लागतं. म्हणजे पडाव अजून आहे, पाठीवर घेणारा खलाशी तेवढा गेला.

आत्याला खुर्चीचं सांगितलं तर ती उसळली. "माले काय धाड भरनी? मी चालस." तिच्या लेखी चौघांनी उचलून नेणं दोनदाच शोभतं, लग्नात आणि शेवटी. पालखीतल्या साहेबाला जो मान वाटे, त्याचीच तिला शरम वाटत होती. मी याचा दोष तिला देत नाही. साहेब धडधाकट होता, तो कधीही खाली उतरून चालू शकत होता. मान त्या 'कधीही'मध्ये होता.

शेवटी ती बसली ती मांडीवर सोनगिरी तांब्या घेऊन. तपासणीच्या यंत्राने तो बरोबर पकडला, झाकण उघडून आत पाणीच आहे ना हे बघितलं गेलं. तपासणाऱ्या मुलीने मठारकामाच्या खुणांवरून बोट फिरवून विचारलं, आजी, हे कुठलं? आत्याने गावासकट दुकानाचा पत्ता सांगितला.

मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरपर्यंत वरखाली होते, म्हणून जहाजाची शिडी सकाळी सोपी आणि दुपारी खडी असू शकते. आम्ही गेलो तेव्हा ती खडीच होती. खुर्ची ढकलणारा पोरगा उत्तरेकडचा. शिडीच्या तोंडाशी त्याने दुसऱ्याला हाक मारली, एकाने मागून ढकललं, दुसऱ्याने पुढून पायटा धरला. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं. पुढचा सांगत होता: पट्टी है, उठाओ. फिर पट्टी है. उतरताना मात्र त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि आत्याची पाठ उताराकडे ठेवून सावकाश आणली, नाहीतर बसलेला माणूस तोंडावर जातो. हे कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, एक आजी पडता पडता वाचली तेव्हा.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं माणुसकीला शोभत नाही, हे मलाही पटतं. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत क्रूझच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिथेही खुर्ची ढकलायला माणूसच लागणार आहे. फॉर्ममध्ये खुर्चीचा रकाना आहे, त्याच्या मजुरीचा नाही. बक्षिसी किती द्यायची हे प्रत्येकजण अंदाजाने ठरवतो, आणि खिशात सुट्टे नसले तर नुसतं धन्यवाद म्हणतो. डाकपालखीच्या भोयाला निदान टप्प्याचा ठरलेला दर होता.

आत्याने त्या पोराला शंभराची नोट दिली आणि घासाघीस केली नाही, हे तिच्या बाबतीत नवल. पुढच्या वेळी खुर्चीचं मी आधीच सांगून ठेवावं, असं तीच म्हणाली. मात्र पुढचा धरणाराही हवा, एकट्याला झेपत नाही, हे त्या फॉर्ममध्ये लिही म्हणाली. तसा रकाना नाही. मी 'इतर सूचना'मध्ये लिहिणार आहे.