मेळघाटातील कोरकू वस्ती : दुर्गमतेचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आदिवासी जीवनाविषयीच्या लेखनात ‘दुर्गम’ हे विशेषण मेळघाटाला इतक्या वेळा लावले गेले आहे की, ते त्या प्रदेशाचे जणू दुसरे नाव झाले आहे. रस्ता नाही, दवाखाना दूर, शाळेत शिक्षक नाही, अन्न अपुरे या सर्व गोष्टींचे कारण म्हणून डोंगर आणि जंगल यांच्याकडे बोट दाखविले जाते. मेळघाटातील कोरकूंची वस्ती आज ज्या अर्थाने दुर्गम आहे तो अर्थ केवळ भूगोलाने दिलेला नाही. गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील शासनव्यवहारातून तो घडत गेला आहे. प्रस्तुत लेखात या घडणीचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रदेश आणि लोक

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे दोन तालुके म्हणजे स्थूलमानाने मेळघाट. सातपुड्याची गाविलगड ही रांग येथे पसरलेली असून वैराट हे तिचे सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ११७८ मीटर उंच आहे. सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या येथे उगम पावून तापीला मिळतात. अनेक घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते.

या प्रदेशातील बहुसंख्य समाज कोरकू असून गोंड, निहाल, गवळी, बलाई आदी समाजही येथे नांदतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय. म्हणजे कोरकू स्वतःला केवळ ‘माणसे’ म्हणवितात. त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची आहे. मराठी, हिंदी वा गोंडी यांपैकी कोणत्याही भाषेशी तिचे कौटुंबिक नाते नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद झाली आहे.

कोरकूंच्या उत्पत्तिकथेत रावण सातपुड्याचे निर्जन डोंगर पाहून महादेवाला तेथे माणसे वसविण्याची विनंती करतो आणि महादेव तांबड्या मातीपासून आद्य स्त्री-पुरुष घडवितो. कथा इतिहास नव्हे. परंतु ती समाजाची स्वतःविषयीची धारणा सांगते. या कथेत डोंगर हा जगाचा कोपरा नसून मानवनिर्मितीचे स्थान आहे.

ब्रिटिशपूर्व काळ

मध्ययुगीन राजकारणात हा प्रदेश एकाकी नव्हता. त्याच्या दक्षिणेस अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती, तर वायव्येस बऱ्हाणपूर हे खानदेशच्या फारुकी सत्तेचे केंद्र होते. या दोन्हींच्या दरम्यान गाविलगडाचा बलाढ्य किल्ला उभा होता. ‘ऐने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारला याच किल्ल्याचे नाव दिलेले आढळते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो जिंकला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. ज्या डोंगरावरील विजयाने मध्य भारतातील एका मोठ्या सत्तेचे भवितव्य ठरले, त्याला त्या काळी कोणी आडबाजूचा मानणे शक्य नव्हते.

राखीव वने आणि वनग्राम

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आले. १८६० च्या दशकात रेल्वेमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला आणि इमारती लाकडाची मागणी वाढली. याच दशकापासून मेळघाटातील सागाची वने राखीव होऊ लागली. कोरकूंच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. कुऱ्हाड आणि अग्नी यांच्या साहाय्याने केली जाणारी फिरती शेती वनखात्याच्या लेखी वनाचा नाश ठरली. शिकार, चराई व वनोपज यांवर निर्बंध आले.

तथापि वनखात्याला माणसे नको होती असे नाही. तोड, वाहतूक, वणव्यापासून संरक्षण आणि रस्त्यांची डागडुजी यांसाठी जंगलातच राहणारे मजूर हवे होते. या गरजेतून वनग्राम ही संस्था आकाराला आली. कुटुंबाला कसण्यासाठी जमिनीचा तुकडा मिळे, पण मालकी मिळत नसे. त्या बदल्यात खात्याच्या कामावर हजर राहणे अपेक्षित असे. महसुली गावातील शेतकऱ्याला सातबाऱ्यावर नाव, कर्ज व वारसाहक्क या ज्या सोयी लाभल्या, त्यांपासून वनग्रामातील कोरकू वंचित राहिला. स्वातंत्र्यानंतरही ही स्थिती दीर्घकाळ टिकली. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानंतर वनजमिनीवर रस्ता, वीज वा इमारत यांसाठी केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. अनेक वस्त्यांची दुर्गमता अशा रीतीने कायद्याच्या चौकटीतच बंदिस्त झाली.

वस्तीतील जीवन

कोरकू गावाची रचना सुबक असते. मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंस समोरासमोर तोंड करून उभ्या घरांच्या रांगा. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. गावाचे दैवत मुठवा. पूजा व उपचार भूमका करतो. गावाचे व्यवहार पाटील आणि पंच पाहतात. कोदो, कुटकी, ज्वारी, मका ही जुनी पिके. अलीकडे सोयाबीनसारख्या नगदी पिकाने त्यांची बरीच जागा घेतली आहे. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांवर घर चालते. पुरेसे काम नसल्यामुळे पिके निघाल्यावर अनेक कुटुंबे मजुरीसाठी मैदानी मुलखात जातात आणि होळीला मात्र आवर्जून परततात.

वर्षातील कठीण काळ पावसाळ्याचा. घरातील धान्य संपलेले, आई-वडील दोघेही शेतात, हिवताप व अतिसाराची साथ, आणि नाल्यांना पूर आल्याने वाटा बंद. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला व न्यायालयापर्यंत गेला. १९९५ पासून शासनाने नवसंजीवनी योजना राबविली. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागड येथे दीर्घकाळ केलेल्या रुग्णसेवेचा २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु कुपोषण हा केवळ आहाराचा वा अज्ञानाचा प्रश्न नाही. जमिनीची अनिश्चिती, वनोपजावरील तुटपुंजी मिळकत आणि हंगामी स्थलांतर या त्याच्या मुळाशी असलेल्या बाबी वर वर्णिलेल्या इतिहासातूनच आल्या आहेत.

व्याघ्रप्रकल्प आणि पुनर्वसन

१९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटाचा समावेश होता. वाघाच्या रक्षणाची आवश्यकता वादातीत आहे. मात्र ज्या वस्तीला वनखात्यानेच मजुरीसाठी जंगलात ठेवले होते, तीच आता वन्यजीवांना अडथळा ठरू लागली. बोरी, कोहा व कुंड या गावांपासून पुनर्वसनास प्रारंभ झाला. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपयांचे साहाय्य निश्चित झाले. काहींना रस्ते, वीज व शाळा यांचा लाभ झाला. इतरांना मात्र वनाशिवाय जगणे जड गेले. अकोट तालुक्यात हलविलेल्या केलपानी, गुल्लरघाट आदी गावांतील कुटुंबे २०१७ मध्ये जुन्या गावठाणांकडे परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन व पोलीस कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. डोंगरातून बाहेर आल्याने दुर्गमता आपोआप संपत नाही, हे या घटनांवरून दिसते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड वनाचे संवर्धन केले आणि तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात पोहोचविली. येथे डोंगर बदलला नाही. डोंगराशी असलेले कायदेशीर नाते बदलले.

समारोप

मेळघाटाविषयीची लिखित साधने, म्हणजे लायल यांचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर, रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा ग्रंथ आणि वनखात्याचे अहवाल, ही सर्व मैदानातून डोंगराकडे पाहणाऱ्यांची आहेत. कोरकूंचे स्वतःचे दस्तऐवज वेगळे आहेत. मृतांसाठी सिडोली विधी करून ते सागाचा कोरीव स्तंभ उभारतात. त्यास मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले असतात. येथे कोण राहिले आणि कोण गेले याची ती नोंदच होय. त्या नोंदीसाठी लागणारा सागही राखीव वनातलाच. म्हणून मेळघाटाचा इतिहास लिहिताना ‘दुर्गम’ हा शब्द स्पष्टीकरण म्हणून न वापरता, ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे आहे असा प्रश्न म्हणून वापरणे आवश्यक आहे. कोणापासून दूर, कोणाच्या निर्णयाने दूर, हे विचारल्याखेरीज धोरणाची दिशाही ठरणार नाही.