आधी माती, मग नकाशा

भूगोलाचे पुस्तक हाती आले की मुलाचे पाठांतर सुरू होते. ‘नदी म्हणजे काय?’ याची व्याख्या तो घडाघडा म्हणून दाखवतो. परंतु पावसाळ्यात गावच्या ओढ्याचे पाणी गढूळ का होते, असे विचारले की गप्प बसतो. हे दुखणे आजचे नव्हे. त्यावर दोनशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाने केलेला उपाय भगिनींनी ऐकण्यासारखा आहे.

स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों गावी एका जुन्या किल्ल्यात पेस्तालॉत्सी यांची शाळा १८०५ ते १८२५ पर्यंत चालली. तेथे शिकलेले आणि पुढे इतिहासकार झालेले लुई व्ह्युलिमँ यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. भूगोलाच्या पहिल्या धड्याला पुस्तक नव्हतेच. मुलांना गावाजवळच्या ब्युरों नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात नेत. आधी सारे खोरे एका नजरेत पाहायचे, मग बारकावे न्याहाळायचे. तेथील चिकणमाती मुले टोपल्यांत भरून आणीत आणि लांब मेजांवर, आपापला वाटा उचलून, पाहिलेले खोरे मातीतून उभे करीत. पुढच्या फेऱ्या अधिकाधिक उंचावर जात, तसतसे मेजावरचे खोरेही वाढत जाई. ते पुरे झाल्यावरच नकाशा दाखवला जाई; तोवर तो समजण्याची मुलांची तयारी झालेली असे.

याच शाळेत १८०८ ते १८१० या काळात फ्रोबेल राहिले. पुढे बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला आणि १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहानग्यांसाठी संस्था काढली. १८४० साली तिला त्यांनी ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले.

आपल्याकडेही ही दृष्टी परकी राहिली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांच्या जागी तेथे खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली.

मग आपल्याला अडचण कोणती? ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून स्वस्थ ठेवावे. जाड वाळू आधी तळाला बसते, बारीक गाळ मागाहून. पावसाने उतारावरची माती वाहून आणली, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. नदीकाठचे थर कसे पडतात, तेही उमगते. सह्याद्रीचा काळा दगड त्याच्या हाती द्यावा आणि सांगावे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा तापलेला, वाहता रस होता.

याला पैसा लागत नाही. खरी अडचण आहे ती आपल्याच तोंडच्या एका वाक्याची: “मातीत जाऊ नकोस, कपडे मळतील!” कपडे धुता येतात, पण विचारायचे राहून गेलेले प्रश्न पुन्हा त्या वयात विचारता येत नाहीत.