खुब्याचं दुखणं आणि त्याचा पत्ता

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या गावांत गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसामुळे आणि १७३९च्या वसई मोहिमेमुळे इतिहासात आलं. सांधे धरले म्हणून कुंडात उतरणाऱ्यांचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही. ‘कंबर धरली’ असं म्हणताना एकाचा हात पाठीवर जातो, दुसऱ्याचा कुल्ल्यावर, तिसऱ्याचा जांघेत. शब्द एकच, जागा तीन. खुब्याच्या वैद्यकाचा इतिहास हा बराचसा नेमकी जागा शोधण्याचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक उलूखल, म्हणजे उखळासारखा. काख आणि जांघ ही त्याची ठिकाणं. उपमा चपखल आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडाच्या खोल वाटीत बसतो. वाटीच्या काठाला कूर्चेची कड असते, भोवती बळकट अस्थिबंध आणि त्यावर स्नायूंचे जाड थर. म्हणून गुडघ्यासारखा हा सांधा बोटांनी चाचपता येत नाही. शिवाय खुब्याला आणि गुडघ्याला काही मज्जातंतू सामाईक आहेत; बिघाड खुब्यात आणि दुखतो गुडघा, असंही होतं.

न दिसणाऱ्या सांध्याची परीक्षा करायची कशी? एक उत्तर हाडवैद्याच्या घरातून आलं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा पिढीजात हाडं बसवणाऱ्यांच्या कुटुंबातला. वडील पदवीविना हाडं बसवत. मुलगा रीतसर डॉक्टर झाला. १८७५ साली त्याने खुबा, गुडघा आणि घोट्याच्या विकारांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाची चाचणी अगदी साधी आहे: रुग्णाला उताणं झोपवून चांगल्या बाजूचा गुडघा पोटाशी घ्यायचा. पाठीचा बाक सपाट झाला, की आखडलेल्या खुब्याची मांडी टेबलावरून आपोआप उचलली जाते. १८९५मध्ये जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी रुग्णाला एका पायावर उभं केलं. त्या बाजूचे कुल्ल्याचे स्नायू दुबळे असतील, तर कटी दुसऱ्या बाजूला खाली कलते. दोन्ही चाचण्यांना यंत्र लागत नाही. हाडवैद्याचंही ज्ञान हातातलंच होतं. थॉमसने ते कागदावर आणलं, म्हणून दुसऱ्याला ते पडताळता आलं.

खेळाडूंच्या बाबतीत हे उशिरा घडलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत या खेळाला पदकं मिळू लागली. चढाईपटू पाय लांबवून स्पर्श करतो आणि त्याच क्षणी मध्यरेषेकडे वळतो. हा सगळा ताण मांडीच्या आतल्या स्नायूंवर आणि खुब्यावर येतो. मैदानात याला ‘जांघ भरली’ म्हणतात. पण त्या एका शब्दात स्नायू ताणला जाणं, कूर्चेची कड फाटणं आणि हाडाला बारीक चीर जाणं, सगळंच मावतं. २००३मध्ये बर्नच्या राइनहोल्ड गांत्स यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की माथा आणि वाटीचा काठ एकमेकांवर घासत राहिले तर तरुणपणीच सांधा झिजू शकतो. २०१४मध्ये दोह्यात २४ तज्ज्ञ जमले, ते खेळाडूंच्या जांघेतल्या दुखण्याला सर्वांनी एकच नावं वापरावीत म्हणून.

नाव चुकलं तर काय होतं, हे वाढीच्या वयात सर्वांत जास्त कळतं. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत कधीकधी मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या रेषेवरून सरकतो. मूल लंगडतं आणि गुडघा दाखवतं. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, घरचे तेल चोळतात, शेकतात, मूल पुन्हा मैदानात जातं. तेवढ्यात माथा आणखी सरकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाड मरतं आणि ऐन उमेदीत सांधा जातो.

भिवंडीच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी कबड्डीचा सराव चालतो, तिथे हे सांगायला हवं. कुंडाच्या ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, चोळण्यानेही बरं वाटतं. पण लंगडणाऱ्या पोराला आधी खाली बसवावं. पाऊल बाहेर वळलेलं असेल, मांडी आत फिरवताना त्याचा चेहरा आक्रसत असेल, तर त्याला चालवू नये, उचलून दवाखान्यात न्यावं. आणि गुडघा दुखतो म्हणाला, तरी एक्स-रे दोन्ही खुब्यांचा मागावा.