ब्रुअरी नावाचं स्टेशन

कालक्याहून सिमल्याला जाणारी छोटी गाडी बरोगचा लांब बोगदा पार करते, मग सोलन येतं आणि त्यानंतरच्याच स्टेशनाची पाटी वाचून नवखा प्रवासी हसतो. पाटीवर लिहिलेलं असतं 'सोलन ब्रुअरी'. बीअरच्या कारखान्याच्या नावाचं स्टेशन! मीही हसलो होतो.

सकाळी कालक्याला बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच माझा बेत होता. अडीच फुटी रूळ, चिरवृक्षांची दाट झाडी, वळणावर खिडकीतून दिसणारं आपल्याच गाडीचं इंजिन. अशा प्रवासात इतिहास कोणाला सुचतो? पण ती पाटी काही डोक्यातून जाईना.

ही रेल्वे सुरू झाली १९०३ साली. कारखाना तिच्या आधीचा. म्हणजे स्टेशनामुळे ब्रुअरी आली नाही, ब्रुअरी होती म्हणून स्टेशनाला ते नाव मिळालं. आणि ब्रुअरी डोंगरात का? तर गोऱ्या फौजेला बीअर हवी होती. विलायतेहून ती जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून यायची, त्यात महिनेच्या महिने जात. इथे बनवावी, तर मैदानी उन्हाळ्यात ती नीट आंबेना, नासून जाई. बर्फाची यंत्रं अजून यायची होती. तेव्हा थंड हवा आणि झऱ्याचं पाणी शोधत कारखानदार डोंगर चढले. एडवर्ड डायर या इंग्रजानं १८५० च्या दशकात कसौलीला ब्रुअरी काढली. पुढे चांगल्या पाण्यासाठी बीअरचं काम सोलनला आलं, कसौलीत व्हिस्कीची भट्टी राहिली. आसपास कसौली, डगशाई, सबाथू अशा छावण्या. गिऱ्हाईक दाराशीच होतं.

डायर हे नाव ऐकून तुम्ही थबकला असाल. तुमची शंका खरी आहे. या एडवर्डचा मुलगा रेजिनाल्ड १८६४ साली मरी इथे जन्मला. तेही थंड हवेचं ठाणं, आणि तिथली ब्रुअरी त्याचे वडीलच सांभाळत होते. मुलगा सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत शिकला. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो हाच. दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या गेल्या.

बापाच्या धंद्यावर मुलाचं पाप लादू नये, हे मला मान्य आहे. बीअरचा त्यात काय दोष? पण ज्या फौजेसाठी हे पिंप भरत होते, तिचाच एक अधिकारी या घरातून निघाला, एवढं मात्र विसरता येत नाही. त्याच फौजेतून दुसरी माणसंही निघाली. १९२० साली आयर्लंडमधल्या इंग्रजांच्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून कॅनॉट रेंजर्सच्या आयरिश सैनिकांनी जालंदरला बंड केलं आणि ते सोलनच्या छावणीतही पोचलं. जेम्स डॅली या तरुण शिपायाला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईला गोळ्या घालण्यात आल्या. बंडासाठी देहदंड झालेला ब्रिटिश फौजेतला तो शेवटचा सैनिक.

आता कंपनीचं नाव पाहा. जालियनवाला बागेनंतर अठरा वर्षांनी, १९३७ साली, कंपनीची नव्यानं मांडणी झाली तेव्हाही तिचं नाव 'डायर मीकिन' असंच होतं. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी लंडनला जाऊन तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. मालक देशी झाले, पण बाटलीवरचा डायर साठच्या दशकापर्यंत उतरला नाही. नंतर 'मोहन मीकिन' झालं. आपल्याकडे पुतळ्यांवर आणि रस्त्यांच्या नावांवर केवढी भांडणं होतात. हे नाव मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपलं नाही असं दिसतं. बाटलीवरचं नाव फारसं कोणी वाचत नसावं.

कारखान्यात शिरायची परवानगी मी काढली नव्हती. बाहेरून पाहिला, चहा घेतला आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. याच मोहन यांनी पुढे खोपोलीलाही ब्रुअरी उभारली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. खोपोलीला तर आपली लोकल जाते.