गोपुरी ते देहू : मैल्याच्या विल्हेवाटीचा इतिहास

महाराष्ट्रातल्या लहान गावांत मोरीचे पाणी आणि मैला यांची वाट फार पूर्वीपासून वेगळी होती. न्हाणीचे, भांडी घासल्याचे पाणी परसात सोडले जाई आणि त्यावर केळी, अळू, कर्दळ वाढे. शौचासाठी लोक ओढ्याकाठी किंवा गावाबाहेर जात. नगरपालिका असलेल्या गावांत एकोणिसाव्या शतकात टोपल्यांचे संडास रुळले. घरामागच्या बोळातून मैला उपसायचा, डोक्यावरून किंवा गाड्यातून गावाबाहेर न्यायचा, हे काम जन्माने ठरलेल्या माणसांच्या वाट्याला येई. पुण्यात हा मैला राखेत मिसळून त्याचे सोनखत करत. आधी नाक मुरडणारे ऊस बागायतदार पुढे ते पैसे मोजून नेऊ लागले. खताला किंमत आली, पण ते वाहून नेणाऱ्याची अस्पृश्यता तशीच राहिली. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच होता.

त्याला हात घातला तो सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पा पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येणार नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले आणि अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरात उपवास धरला, तेव्हा सरकारला नमावे लागले. १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा राहिला आणि या आग्रहाला तंत्राची जोड मिळाली. तिथल्या संडासात दोन कप्पे असत. एक वापरात असताना दर वेळी त्यात माती किंवा पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यातला मैला कुजून मातीसारखा होई, आणि ते खत कुणालाही हाताळता येई. कोकणातल्या झाडांना त्याचा उपयोग होताच, पण अप्पांच्या दृष्टीने मोल होते ते मधला माणूस सुटण्याला.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या हालांची चौकशी करून कामाची साधने व पद्धत सुधारण्यावर भर दिला. अप्पांच्या संडासामुळे मात्र मैला उचलण्याचे कामच उरत नव्हते. मैल्याचा खताखेरीज दुसरा उपयोग म्हणजे जळाऊ वायू. तो मिळवण्याचा प्रयोग माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास झालेला होता. स्वातंत्र्यानंतर अप्पांसारख्या कार्यकर्त्यांनी संडास गोबरगॅसला जोडण्याचे काम पुढे नेले. एका माणसाच्या दिवसभराच्या मैल्यातून साधारण एक घनफूट वायू मिळतो. म्हणून एका कुटुंबाच्या संडासावर चूल पेटत नाही. त्याला शेणाची किंवा अनेक माणसांची जोड लागते.

संडासाचे आणि वायूचे हे तंत्र गावपातळीवर टिकवून दाखवले देहूने. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या सुमारास तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. जंत, हगवण, कावीळ यांवर औषधे देऊनही रोगी पुन्हा पुन्हा येत, कारण गावात संडास जवळजवळ नव्हतेच. त्यांनी पहिल्यांदा बांधवून घेतलेले संडास पावसाळ्यात खचले आणि लोकांचा विश्वासही गेला. पुढे अप्पांचे मार्गदर्शन मिळाले, तेव्हा खड्डे, त्यांचे अस्तर, पाण्याची पातळी यांचा नीट विचार होऊन काम पुन्हा उभे राहिले. अनुदानाची वाट न पाहता घरोघरी समजूत घालत, वर्षानुवर्षे ते चालले. १९८० च्या सुमारास ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक संडासाला बायोगॅस संयंत्र जोडले गेले. वारीच्या गावात हजारो माणसे येतात, तिथे याचे महत्त्व अधिकच. ‘मलप्रभा’ नावाच्या संयंत्राचा प्रसार मापुसकरांनी राज्यभर केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोपुरीच्या दोन कप्प्यांप्रमाणेच दोन शोषखड्ड्यांच्या संडासातही मैल्याचे खत होते: द्रव जमिनीत मुरतो आणि घन भाग दीड-दोन वर्षांत खत बनतो. सेप्टिक टँकमध्ये मात्र गाळ खाली बसतो आणि अंशतःच कुजतो. वरून बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंसह गटारात जाते. नळयोजना आल्यावर घरोघरी पाणी वाढले, परसे कमी झाली, आणि अळूच्या वाफ्यात मुरणारे पाणी उघड्या गटारांतून ओढ्यात पोचू लागले. मैल्याच्या प्रश्नावर गावांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढे लक्ष या पाण्याकडे गेले नाही. शोषखड्डे, स्थिरीकरण तळी, वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळणे या पद्धती स्वस्त आणि वीज न लागणाऱ्या असूनही फार थोड्या ठिकाणी रुजल्या. आता देहूत नगरपंचायत आहे, आणि वरच्या गावांचे व औद्योगिक वस्त्यांचे सांडपाणी घेऊन येणारी इंद्रायणी गावाच्या घाटाला लागूनच वाहते.